तिसरा रकाना

तीस प्रश्न. प्रत्येकापुढं तीन रकाने :
होय, नाही, माहीत नाही.
विष्णुपुरीच्या उन्हात झेरॉक्सची शाई बोटांना लागायची,
मी विभागाविभागांतून फिरायचे :
मधुमेहाविषयी आहे, दहाच मिनिटं, नाव लिहू नका,
प्रवर्ग मात्र लिहा, वडिलांचं शिक्षण लिहा,
गावापासून दवाखाना किती लांब, तेही.

लातूरचा शार्दूल देवणीकर, आईवडील दोघं डॉक्टर.
तीसपैकी तीस, चार मिनिटांत.
माझ्या छापील कागदावरच्या स्वादुपिंडाचा उकार
त्यानं जाताजाता पेनानं दुरुस्त केला
आणि कँटीनला जाऊन दोन प्लेट जिलेबी खाल्ली.

धारूरकडचा कृष्णा सानप सातव्यापाशी अडला :
गोड जास्त खाल्ल्यानेच साखर होते का?
"आमचे मायबाप सहा सहा महिने उसात असतेत, मॅडम.
त्या हिशोबानं आख्ख्या टोळीला व्हायला पाहिजे होती.
झाली फक्त मुकादमाला."
हसला, 'होय'वरची खूण खोडली, पुन्हा केली, पुन्हा खोडली.
खोडलेलं उत्तर कसं मोजायचं
हे मार्गदर्शिकेत नव्हतं.

देगलूर नाक्याच्या तहूरानं
पायाच्या काळजीचे पाचही बरोबर सोडवले,
वर समासात बारीक अक्षरात :
चप्पल झटकून घालावी.
पाणी किती गरम ते कोपरानं बघावं, पायानं नाही.
बाकी पान कोरं.
घरात आजार जिथवर आला होता
तिथवरच तिला येत होतं.

आणि अंबिका राठोड, माझ्याच खोलीतली,
मुखेडजवळच्या तांड्यावरची,
घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली पहिली.
नऊ गुण.
एकवीस वेळा तिसरा रकाना,
खुणा सगळ्या एका रेघेत, पट्टी धरून ओढल्यासारख्या.
मला कीव आली होती तिची. लिहितानाही लाज वाटते.
निष्कर्षाचं वाक्यसुद्धा तयार होतं :
ग्रामीण, प्रथम पिढी, जागरूकता अल्प.

एका सकाळी चप्पल शोधताना
तिच्या कॉटखाली हात गेला तर गार लागलं.
मडक्यात मडकं, मधल्या फटीत ओली वाळू,
वर भिजलेलं फडकं, आत काचेची कुपी.

"माझंच आहे," ती दारातून म्हणाली. "सातवीपासून."
मग खाली बसली, वेणी घालत.
"फ्रिज वॉर्डनबाईंच्या खोलीत.
तिथं ठेवलं की हॉस्टेलला कळतंय,
हॉस्टेलला कळलं की तांड्याला,
तांड्याला कळलं की पोरगा दाखवायला कोण आणील?"
आणि ते एकवीस?
"जास्त माहीत असलं की लोक विचारतेत,
तुला कसं काय माहीत."

त्या रात्री दिवा मालवून मी तिला
तिसाच्या तीस विचारले.
एकही चुकली नाही.
एकोणिसाव्याला तर मलाच थांबवलं :
"इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवावे. त्यातला 'च' काढ.
फोडलेली बाटली बाहेर राहती महिनाभर, गारव्याला असंल तर.
ज्यानं हे लिहिलं
त्यानं नांदेडचा मे बघितलेला नाही,
अन् मडकं पण नाही."
लिहिलं मीच होतं. अंधार होता ते बरं झालं.

संगणकात मी नऊच भरले.
मॅडम म्हणाल्या, दोन्ही गटांतला फरक लक्षणीय आहे, छान.
मी हो म्हटलं.

परवा ती प्रात्यक्षिकासाठी परभणीला गेली, तीन दिवस.
शिलकीची कुपी मागं ठेवली, मला बजावून :
वाळू गोदेची आहे, बारीक, लवकर सुकते,
सकाळी तांब्याभर, चारला अर्धा,
आणि कोणी आलं तर पुढं बादली सरकव.
आज बेचाळीस अंश आहे.
मी चारचा गजर लावलाय.