टेकू

ओल्डहॅममध्ये सलग अकराव्या दिवशी पाऊस.
मी जेवणाच्या टेबलावर जॉर्डनचा नकाशा उघडते
आणि कोपऱ्यांवर ठेवते
मिठाची बाटली, लिंबाच्या लोणच्याची बरणी, त्याचा चष्मा,
चौथ्यावर माझं कोपर.

वामन म्हणतो, पडके दगड बघायला एवढे पौंड?
पडकं फुकटात बघायचं असेल तर चल,
गिरणीमागच्या गल्लीत नेतो.

एकतीस वर्षं कौन्सिलात हेच केलं त्यानं.
भेगेत पेन्सिल घालून खोली बघायची,
भिंतीवर टिचकी मारून कान लावायचा,
मग दारावर लाल अक्षरांचा कागद :
धोकादायक. आत जाऊ नये.
एकदा मिसेस ऑग्डेन त्या कागदाखालून वाकून आत गेल्या
आणि त्याच्यासाठी चहा घेऊन बाहेर आल्या.
एवढं तो अजून सांगतो.
पुढचं सांगत नाही.

नोव्हेंबर बरा, मी म्हणते. सोसवेल असं ऊन.
अम्मानला तीन रात्री, मग बसनं दक्षिणेला.
वाळवंटात रात्री कडाका असतो म्हणे,
म्हणजे तुझी माकडटोपी आली,
सुंठ आली, मेतकूट, गुडघ्याचा पट्टा.
तो म्हणतो, मेतकूट विमानात धरतील.
म्हणजे येणार आहे तर.

मी फोटो सरकवते : जेराशचे खांब,
दोन हजार वर्षांच्या घरातले.
तो चष्मा उचलतो,
नकाशाचा तो कोपरा लगेच गुंडाळतो,
अकाबा जाऊन मृत समुद्राला टेकतं.
बराच वेळ बघत राहतो.
'हा डावीकडून तिसरा. कललाय.
टेकू द्यायला हवा कुणीतरी.'
आणि जरा वेळानं,
'कुणी तपासतं का गं हे? दरवर्षी?'

पेट्रात डोंगरावरच्या त्या कोरीव मठाला
आठशेवर पायऱ्या आहेत.
ते पान मी उलटं ठेवलं होतं, पोळ्यांच्या डब्याखाली.
नाव वामन,
आणि तिसऱ्या पावलालाच कठडा शोधणारा माणूस.
म्हटलं होतं, आपण खालीच बसू, चहा पिऊ,
डोंगर काय, खालूनही दिसतो.

रात्री दोनला जाग आली. शेजारची उशी गार.
पाऊस थांबला होता, म्हणून ऐकू आलं.
आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या
आणि तो अंधारात मोजत होता,
हलक्या आवाजात, मराठीत,
एवढ्या वर्षांत कुणाच्या भिंती मोजल्या नसतील अशा भाषेत.
एकशे दोन. एकशे तीन. एकशे चार.

मग काहीच नाही.

मी पांघरूण मुठीत धरलं. हाक मारली नाही.
खाली बॉयलर घरघरला, बंद पडला.

एकशे पाच.