दुहेरी कड

नारीनच्या इस्पितळात रात्री दोनच दिवे जळतात,
एक दारावर, एक माझ्या खोलीत.
बाहेर उणे चोवीस. नदी वरून गोठलेली,
आतून मात्र चालती.

सुलतानअली मुलाला कोटात गुंडाळून आला.
"तीन सोमचं नाणं गिळलंय," म्हणाला,
जणू सगळा दोष नाण्याचाच.
तिलेक, वय अडीच.
रडत नव्हता. लाळ तेवढी गळत होती,
आणि मान अशी पुढे काढलेली
की गिळणं म्हणजे खडी चढण.

शिशाचा एप्रन मी आईच्या खांद्यांवर चढवला.
"हा थंडीसाठी का?" तिनं विचारलं.
हो म्हटलं. खोटं बोलायला वेळ कमी लागतो.

किरणांची खिडकी लहान केली,
हनुवटीपासून पोटापर्यंत, बास.
अडीच वर्षांचं हाड अजून ओलं असतं.
त्यातून जाताना प्रकाशानंही
वहाणा बाहेर काढून ठेवाव्यात.

"तिलेक, लांडगा जवळ आला की
शिंगरू कसं राहतं रे?"
त्यानं श्वास धरला.
एवढंच हवं होतं मला.

पडद्यावर गळ्याच्या खाली, छातीच्या वर
पांढरा गोल.
"नाणंच," आई म्हणाली, जीव भांड्यात पडल्यासारखी.
मीही तेच म्हणणार होते.
पण नाण्याला एकच कड असते.
याला आत आणखी एक होती, पुसट,
चंद्राला खळं पडावं तशी.
बाजूनं काढला.
तिथे एक बारीक पायरी.

माझं काम चित्र काढायचं.
नाव ठेवायचं काम डॉक्टरांचं.
बावीस वर्षं मी ही रेघ ओलांडली नव्हती.

"घरात बॅटरीवर चालणारं काही आहे?"
आईनं कपाळाला हात लावला.
"कोकरू आहे. बाजारातलं.
डोळे लुकलुकतात, दाबलं की बें करतं..."
मग थांबली.
"चहापासून ओरडलंच नाही ते."

चहा सातला. भिंतीवर साडेआठ.

डॉक्टर जिरगालबेक एका पायात बूट घालून आले.
एवढ्या लहान गळ्यात उतरेल अशी दुर्बीण
आमच्याकडे नाही. ती बिश्केकला,
आणि मध्ये दोलोनचा घाट, घाटात बर्फ.
"मध आहे का कुणाकडे?"
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
चूक नव्हती. बॅटरी आतून जाळत जाते,
मध ते जाळणं बरं करत नाही, नुसतं
थोपवून धरतो, दारात पाय अडकवावा तसा.

माझ्या कपाटात अत-बाशीचा पांढरा मध होता,
चहासाठी ठेवलेला, डब्यावर माझं नाव.
दर दहा मिनिटांनी दोन चमचे.
आईच्या मनगटावर मी माझं घड्याळ बांधलं.
अॅम्ब्युलन्समध्ये जागा एकाचीच.

मग मी आणि सुलतानअली.
पडद्यावर तो गोल तसाच.
दर दहा मिनिटांनी माझी जीभ
उगाच गोड व्हायची.
कधीतरी त्यानं खिसे चाचपले,
आणि कोटाच्या अस्तरातून
तीन सोमचं नाणं निघालं.
त्यानं ते टेबलावर ठेवलं.
आम्ही बराच वेळ बघत बसलो.
एकच कड.

साडेतीनला फोन आला. निघाली.
खाली काळा डाग आहे, खोल किती ते
आठवड्याने पुन्हा बघून सांगतील.
एवढंच. बाकी खरखर.
सुलतानअलीनं टोपी काढली,
पुन्हा घातली, आणि कोकरू शोधायला घरी गेला.
त्याला ते फोडायचं होतं की जपायचं,
मी विचारलं नाही.

मधाचा डबा परत आला नाही. घड्याळ आलं,
दहा मिनिटं मागे पडलेलं.
मी अजून पुढे केलेलं नाही.

परवा एका मुलीनं कोटाचं बटण गिळलं.
पितळी, चार भोकांचं,
चारही भोकं लख्ख दिसत होती.
बऱ्याच दिवसांनी
मला पडद्यासमोर हसू आलं.