शेंडेनक्षत्रं

वूच. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ होडी.
होडी कुठेच नाही; नदीही
गिरण्यांखालून भुयारात घातलेली,
कीड कोरून वर सिमेंट भरावं तशी.

इथे तिसऱ्या मजल्यावर, अंधार केलेल्या खोलीत
मी रोमुआल्डचं रक्त मोजते.
ट्राम चालवतो तो. दंडातून दोन चमचे देताना म्हणाला,
माझे तर सगळे कवळीचे, हे कुणासाठी?
ज्यांचे अजून आहेत त्यांच्यासाठी, मी म्हटलं.
हसतील त्याचे दात दिसतील;
त्याच्या हिरड्या दिसल्या, कवळी घरी विसरला होता.

त्याच्या पांढऱ्या पेशींवर दाताच्या दवाखान्यातलं रेझिन घातलं.
निळ्या उजेडात घट्ट होतं ते,
पण पुरतं नाही. थोडं सुटं राहतं, झिरपतं.
मग पेशी जेलीत रोवल्या, कवच विरघळवलं,
वीज सोडली, वीस मिनिटं.
शाबूत पेशी जागच्या जागी गोल राहते.
जिचा धागा तुटलाय तिला शेपूट फुटतं.
काळ्या आभाळात शेंडेनक्षत्रं,
सगळी एकाच दिशेला पळणारी.

काचांवर नुसते आकडे. कोणती रेझिनची, कोणती साध्या पाण्याची
मला कळू नये म्हणून
बोग्नाने वही कुलपात ठेवली आहे.
एका काचेवरच्या शंभर.
सत्तेचाळीसला शिंक आली. पुन्हा एकपासून.

आई समोरच्या गिरणीत मागावर होती.
तीही दिवसभर तुटलेल्या धाग्यांमागे,
पण तिला बोट घालता यायचं:
गाठ मारली की धोटा सुरू.
आता तिथे दुकानं आहेत,
आणि आईच्या दाढेत याच रेझिनचा ठिपका, गेल्या थंडीतला.
रोज दातांच्या कण्या करते: माझं बरं आहे ना?

काल दुसरी खेप पाहिली,
रेझिन धुऊन दोन तास नुसत्या उबेत ठेवलेली.
बहुतेक शेपटं आखडली होती.
गाठ कुणी मारली, मला दिसत नाही.
बहुतेक. तेरा नंबरच्या काचेवर
अकरा तशीच होती, लांब, झिपरी.

अहवालात ‘सुरक्षित’ लिहायची सोय नाही.
लिहायचं: या मात्रेला, इतक्या तासांत,
या माणसाच्या पेशींत.
एवढं वाक्य आईला फोनवर कुठे पुरणार?
मोजतेय अजून, म्हटलं.
बरं, म्हणाली. मग सफरचंदाचा करकरीत आवाज.
कुठल्या बाजूने चावली
कळलं नाही.