बाकी

रविवारी सासवडहून मेव्हण्याचा फोन.
"दाजी, पेपरात यादी आलीय,
लंडनमधल्या महागड्या वस्त्यांची.
तुमचा भाग तिसरा!"
आवाजाला पेढ्याचा वास.

मी गॅलरीत उभा,
ओल्या मोज्यांना चिमटे लावतोय.
खाली लाँड्रीचं मशीन
कुठल्याशा हॉटेलच्या चादरी घुसळतंय,
त्याने आमच्या कपाटातल्या बशा हलतात.

आकडे मलाही कळतात, बाबा.
बावीस वर्षं विजेचे मीटर वाचतोय,
जिन्याखालच्या कपाटांत वाकून,
बॅटरी दातांत धरून.

आल्डरविक चौकातली ती सहा पांढरी घरं.
दारावर पितळेचा सिंह, सिंहाच्या तोंडात कडी.
वाजवली तर आतून
फक्त अलार्मचा दिवा डोळा मिचकावतो.
रखवालदार कासिम मला तळघरात नेतो.
मागच्या मार्चात ४०२१६.
या मार्चात ४०३०७.
वर्षाचे एक्क्याण्णव युनिट!
आमच्या मजल्यावरच्या एनिडबाईचे एवढे
पंधरवड्यात संपतात,
आणि तिच्याकडे पंखासुद्धा नाही.

कासिम दर गुरुवारी कुंड्यांना पाणी घालतो.
झाडं प्लास्टिकची आहेत
हे त्याला तिसऱ्या महिन्यात कळलं.
तरी घालतो.
कामाच्या कागदावर तसं लिहिलंय.

तर हिशेब असा.
गेल्या वर्षी आमच्या भागात विकली गेली घरं तीन.
एक, रेल्वेच्या भिंतीला लागून, दोन खोल्या, कोपऱ्यात ओल.
एक, वारलेल्या शिंप्याचं, दुकानावरचं.
आणि एक, चौकातलं चार नंबर,
अकरा न्हाणीघरांचं,
एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला विकलेलं.
कासिम म्हणतो, दोघींचं टपाल
एकाच पेटीत पडतं.
या तिन्हींची बेरीज केली, तिनाने भागलं.
त्यात कुणाचं भागलं
ते यादीत लिहीत नाहीत.

आणि भाग तरी कुठे सुरू होतो, कुठे संपतो?
कुणीतरी नकाशावर पेन्सिल ओढली,
ती हार्कर गल्लीच्या मधोमध गेली.
अलीकडची घरं तिसऱ्या नंबरात,
पलीकडची एकशे बाराव्यात.
विटा त्याच, उंदीरही तेच;
रात्री रस्ता ओलांडताना
उंदरांना बढती मिळत असावी.

यादी आली त्याच आठवड्यात
एनिडबाईच्या दारात घरमालक उभा,
हातात घडी घातलेलं तेच पान.
"बघा बाई, तिसरा नंबर.
भाडं आता त्या मानाने नको का?"
तिने चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचलं.
अडतीस वर्षं इस्पितळाचे पडदे शिवलेली बाई,
शिवण तपासावी तसं वाचलं.
मग मला म्हणाली,
"यात मी कुठे आहे रे?
मी काही विकलं नाही, विकत घेतलं नाही,
इथे नुसती राहिले.
राहिलेल्यांचा रकाना कुठला?"

मला उत्तर आलं नाही.
तिने किटली लावली. मीटर फिरला.

फोनवर मेव्हणा अजून बोलतोय.
वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचाय,
पावसाळ्याआधी झाला तर बरं,
"तुम्हाला काय, दाजी,
तिसऱ्या नंबरात राहता तुम्ही."
मी म्हटलं, बघतो.
बघतो म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत;
यादीमुळे तो यंदा विसरलाय.

खोत मास्तर आठवले.
भागाकार झाला की खाली रेघ मारायला लावायचे,
उरलेल्या आकड्याभोवती गोल.
"गोल विसरलास तर उत्तर चूक," म्हणायचे,
आणि पट्टी उचलायचे.

"बरं, बाकी काय?" मेव्हणा विचारतो.
"बाकी आम्ही," मी म्हटलं.

त्याला वाटलं, लाइन तुटतेय.
"हॅलो? दाजी? हॅलो?"
खालचं मशीन पिळायला लागलं होतं,
बशा वाजत होत्या.