अकरा ग्रॅम

समुद्र मी पाहिलेला नाही.
तरी समुद्राचं इंजिन दोन महिने
माझ्या शेडात साखळीला टांगून आहे,
पैठणात, ट्रॅक्टरच्या दोन गिअरबॉक्सांच्या मधे.
आठ सिलेंडर. मोडीत निघालेल्या कुठल्याशा लाँचचं,
जालन्याला वितळायला चाललेलं;
मच्छीमार सोसायटीच्या काशिनाथ लिंबोरेनं
भट्टीच्या दारातून माघारी वळवलं.
पाण्याचं जॅकेट खरवडलं तर मीठ निघालं.
जिभेला लावून पाहिलं.

क्रँक चिरलेला. दुसरा मिळाला, त्याच घराण्यातला,
पण धाकट्या पातीचा.
अडचण तिथून.
जुना होता बाहेरून तोललेला:
त्याचं उणं फ्लायव्हीलनं भरून काढायचं,
एका अंगाला वजन राखून,
आणि पुढं बॅलन्सरनं, तोही एका कुशीला जड.
नवा क्रँक आपल्यात पुरा. त्याला कुणाचं उसनं नको.
त्याला ती जुनी चाकं जोडली
तर उपकारच त्याला हादरवून सोडतील.

जालन्याचा भंगारवाला म्हणाला, घेऊन जा हेच,
दात तेवढेच, भोकं तेवढीच, बसतंय की.
बसतंय आणि चालतंय यांच्यामधे, सेठ,
मिनिटाला तीन हजार फेरे असतात.

काशिनाथला हलकं चाक हवं होतं.
लवकर उठतं म्हणे; कुणा पोरानं सांगितलेलं.
मी म्हटलं, नाथसागरावर वारा उठला
की लाटेच्या माथ्यावर पंखा क्षणभर उघडा पडतो,
पाणी नाही तर ओझं नाही,
आणि इंजिन पिसाळतं.
तेव्हा मागं कुणीतरी जड लागतं, घाई नसलेलं,
स्फोटाच्या वेळी मिळालेलं सगळं न उधळता
रिकाम्या फेऱ्यासाठी राखून ठेवणारं.
बोलता बोलता मला थोरली बहीण आठवली.
तिचं काही बोललो नाही.
जड चाक घेतलं.

बॅलन्सर दिसायला साधा. गाभा, वर रबर, वर लोखंडी कडं.
दर स्फोटाला क्रँकला पीळ बसतो,
तो पीळ ते रबर गिळतं.
जुन्याचं रबर करपलेल्या भाकरीच्या काठागत,
कडं सरकलेलं, कड्यावरची खूण दोन बोटं पुढं.
त्या खुणेवर टायमिंग लावणं म्हणजे
बंद घड्याळ बघून एस्टी गाठणं.
तो आता घरी माठाखाली आहे.
माठ पहिल्यांदाच डुगडुगत नाही.

वाळूजला बॅलन्सिंग मशीनवर वनमाला तुपे.
तिनं तिघांना एका आसावर बांधलं, फिरवलं,
आकडा बघायच्या आधी कान दिला.
म्हणाली, अकरा ग्रॅम. डाव्या अंगाला.
मी हसलो. अकरा ग्रॅम म्हणजे चहातली साखर की, ताई.
ती हसली नाही.
तीन हजार फेऱ्यांना तीच साखर
पंधरा किलोच्या धोंड्यासारखी ओढते, म्हणाली,
आणि चाकाच्या कडेला ड्रिल टेकवलं.
रुपेरी कीस पडला.
मी तो कागदात बांधून घेतला. का, ते विचारू नका.

परवा होडी पाण्यात सोडली.
पाणी उतरलेलं, मधेच एका विहिरीचं तोंड वर आलेलं,
काशिनाथच्या आज्याच्या शिवारातली म्हणे.
तिला वळसा घालून पुढं गेलो.
मग वारा उठला. पंखा उघडा पडला, एकदा, पुन्हा एकदा.
इंजिन नुसतं खाकरलं आणि आपल्या चालीवर आलं.
काशिनाथनं झाकणावर चहाचा पेला ठेवला,
मला दाखवायला.
चहा सांडला नाही.
फक्त मधोमध एक बारीक वर्तुळ थरथरत होतं,
मिटायचं, पुन्हा उमटायचं.
अर्धा ग्रॅम असेल. नाही तर पाव.
क्रँकमधे राहिला असेल की कड्यात की माझ्या हातात?
काशिनाथ म्हणाला,
उचला मिस्तरी, गार होतोय.