नेढं नसलेली सुई

दोरा शोधू नका, गरुडसाहेब,
या सुईला नेढंच नाही.
उजेडात धरा जरा. टोकाला बोट नको.
दिसतायत बारीक खाचा, कुसळासारख्या?
त्या तंतूला आत ढकलतात
आणि वर येताना रिकाम्या येतात.
एवढंच आहे.
बाकी सगळं टोचत राहणं.

खाली स्पंज घ्या, मांडी नको.
मागच्या हिवाळ्यात रानड्यांच्या पॅन्टला ससा चिकटला
तो चिकटलाच.

सुई सरळ खाली, सरळ वर.
आत असताना वळवलीत की मोडते,
कट् वाजतं, भातात खडा लागावा तसं.
पहिल्या महिन्यात मी अकरा मोडल्या.
मोजल्या, कारण टपालानं मागवाव्या लागायच्या
आणि इथे लश्करात विचारलं तर दुकानदार
गोधडीची सुई काढून दाखवायचा.
मोडलेलं टोक सापडल्याशिवाय उठायचं नाही,
चहा निवला तरी.

आणि नजर सुईवर.
माझ्याकडे नको, खिडकीकडे नको.
खिडकीत किल्ला आहे, तो उद्याही असेल.

आता तो डबा उघडू या का?

बिस्किटांचा. झाकणाला चिकटपट्टी दोनदा लावलेली.
फणीतले केस, सोफ्याखालचे केस,
एक पुडी वेगळी, तिच्यावर तारीख.
बुंदी नाव होतं ना?
बुंदीच्याच रंगाची आहे खरं.

एक सांगते, मनाला लावून घेऊ नका.
हे केस एकमेकांना धरत नाहीत.
गुळगुळीत असतात, कितीही टोचा, सुटून येतात.
म्हणून आधी गाभा मेंढीचा.
ही लोकर मुरारच्या पलीकडून येते,
हरविलास पाल दिवाळीनंतर कातरून देतो.
तीन पाण्यांतून काढते मी, तरी वास उरतो.
असू द्या. धरून ठेवते ती.
बुंदी तिच्यावर बसेल, पातळशी, चिमटी चिमटीनं.

घट्ट गुंडाळा. मुठीएवढं निम्मं होईल,
व्हायलाच हवं.
कमीच घ्या. कमी पडली तर वर चढवता येते,
जास्त झालेली निघत नाही, मिठासारखं.
पाय करताना वरच्या टोकाशी थोडी लोकर
मोकळी सोडा, न टोचलेली, विस्कटलेली.
जोड तिथेच बसतो.
पार घट्ट झालेलं कशालाच जोडलं जात नाही.

हात का थांबला?

तिला टोचतोय असं वाटलं.
हो. इथे सगळ्यांचा थांबतो,
कासव करणाऱ्यांचासुद्धा.
अहो, ही अजून लोकरच आहे.
डोळे सगळ्यात शेवटी लावायचे, ते याचसाठी.
एकदा ती बघायला लागली
की मग तुमच्यानं सुई उचलणार नाही,
माझ्यानंही नाही.

टोचा. दाबून बघा. मऊ लागतंय?
मग अजून टोचा.
शिकणाऱ्याचं बहुतेक वेळा चुकत काहीच नाही,
तो फक्त लवकर थांबतो.

डावा कान पडलेला होता म्हणता?
बरं झालं. उभा कान अवघड.

आज बटाटा होणार, आत्ताच सांगते.
घरी विचारतील, हे काय,
तर बटाटाच म्हणा, लाजू नका.
माझी पहिली चिमणी त्या कपाटावर आहे,
भाचा तिला वांगं म्हणतो,
आणि दर दिवाळीला तिच्यावरची धूळ तोच पुसतो.

रक्त आलं? लोकरीपासून हात लांब करा आधी!
हळद त्या बरणीत. कापूस नाही माझ्याकडे,
लोकरच आहे सगळी.

पुरे आजचं.
सुई स्पंजात उभी खोचा, आडवी नको.
डब्यातले केस आज काढायचे नाहीत, गाभा पक्का होऊ दे.
झाकण मी लावते.
नाही, तुम्हीच लावा.

बटाटा घेऊन जा.
स्कूटरच्या डिकीत टाकू नका, बाहेर गारठा आहे.
स्वेटरच्या आत धरा.