यादीत नसलेलं झाड

ओवळ्याच्या वर, डांबर संपतं तिथे
मी नऊ दिवस झाडं मोजली.
एका डब्यात गेरू, एका डब्यात पांढरा रंग,
दोन इंची ब्रश, रोजाचे साडेसहाशे.
छातीच्या उंचीवर पट्टा, पट्ट्यावर आकडा,
आणि तोच आकडा पुन्हा बुंध्याशी, मातीलगत.
साहेब म्हणाले, वरचा जाईल, खालचा राहील,
हिशेब जुळला पाहिजे.

खरं सांगतो, झाडांशी माझी ओळख नव्हती.
कळव्याच्या चाळीतला मी.
साग कळायचा. पळस, फुलला तर.
बाकी सगळे 'जंगली'.
फॉर्मवर तसा रकानाच होता.

पाड्यावरची चैती हाडळ मागे मागे यायची,
डोक्यावर मोळी तशीच.
वय विचारलं तर म्हणे, त्या हेदीएवढं.

मी लिहायचो : २१२, जंगली, घेर नव्वद.
ती म्हणायची : कुडा. पोट धरलं की ह्याची साल.
२१३.
बोंडारा. बापाचा नांगर ह्याचाच होता.
२१४.
असाणा. ल्हानपणी काटे, मोठेपणी गुळगुळीत.
माणसाचं उलटं.
२१५ ला ती गप्प राहिली.
शिंपी पाखरानं पानं टाचून केलेला खिसा
बोटानं दाखवला, आत दोन चोची.
"ह्याचा लंबर कुठं घालशील?"

उताराच्या मधोमध ऐन होता.
मगरीच्या पाठीसारखी साल,
दोघांच्या कवेत न मावणारा,
आणि मुळांत बसलेला वाघोबा, शेंदराचा, नाक झिजलेला.
तिनं काही मागितलं नाही.
मीही काही विचारलं नाही.
ब्रश डब्यात बुडवला आणि पुढच्या झाडाकडे वळलो.
एक झाड सोडलं.
त्या रात्री बोंबलाचं कालवण
उगाच जास्त गोड लागलं.

तोडायला त्यांना अकराच दिवस लागले.
मला पुन्हा बोलावलं, बुंधे जुळवायला.
एक ते सहाशे तेरा, सगळे हजर,
शाळेच्या पटासारखे,
फक्त 'हजर' म्हणायला वर कोणी नव्हतं.
मधोमध एक मोठी गोल चकती. कोरी.
कडेनं अजून पाणी झिरपत होतं;
ऐन पोटात पाणी राखतो,
वैशाखातल्या वाटसरूसाठी, चैती म्हणाली.

हे कसं काय, मी विचारलं.
कारकुनानं कागद उलटसुलट केला.
यादीत नाही ना? मग इथे झाड नव्हतं.

सहाशे तेरांच्या बदल्यात
पाचपट रोपं लागणार होती, मुरबाडकडे कुठेतरी,
निदान कागदावर.
ह्याच्या बदल्यात कागदसुद्धा नाही.
माझी दया
त्यांना करवतीपेक्षा सोयीची पडली.

आषाढात उतार खाली आला.
तांबडा, दाट, टॉवरच्या पार्किंगमध्ये गुडघाभर.
लोकांनी त्याला चिखल म्हटलं
आणि टँकर मागवून धुऊन काढलं.
ते रान होतं, मी म्हणालो नाही.
पाड्याचा झरा संक्रांतीलाच आटला.
पाण्याच्या टाकीवर बिबट्या बसलेला दिसला,
सतरा मजले मोबाईल घेऊन गॅलरीत आले.
दगडातला वाघोबा मात्र उन्हात तडकतोय,
शेंदराचे पोपडे निघतायत.

परवा उरलेला डबा घेऊन गेलो.
चकतीच्या कडेला फुटवे आलेत,
लालसर, वीतभर, चार.
भोवती करवंदीचे काटे रचलेले.
मी झाकण उघडलं. सहाशे चौदा, मनात म्हटलं.

चैती उकिडवी बसली होती.
"लिवलास तरी नेतील.
नाय लिवलास तरी नेतील."
मग जरा थांबून, काटे सारखे करत,
"बस. लिवू नको. बस नुसता."

रंगावर साय धरली होती.
ब्रशच्या टोकानं ती फोडली
आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो.